मासळी आणि जेवणावळींतून होणारी विषबाधा, रत्नागिरी किनारा: प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

रुग्णाची व्याख्या आज पक्की केली. जेवणावळीच्या तपासासाठी ती अशी: त्या जेवणाला हजर असलेली आणि जेवल्यापासून ७२ तासांच्या आत उलटी झालेली, किंवा २४ तासांत तीन वा जास्त पातळ जुलाब झालेली व्यक्ती. शौचाच्या नमुन्यात जंतू सापडला तर 'खात्रीचा' रुग्ण, नुसती लक्षणं असतील तर 'संभाव्य'.

व्याख्येत कुठल्याही पदार्थाचं नाव येता कामा नये. 'कोळंबी खाऊन आजारी पडलेले' अशी व्याख्या केली, की कोळंबी न खाता आजारी पडलेले यादीतून आपोआप गळतात आणि दोष कोळंबीवर जातो. किनाऱ्यावर हे सर्रास होतं. पोट बिघडलं की पहिलं नाव मासळीचं. भाताचं, श्रीखंडाचं किंवा सरबतातल्या बर्फाचं नाव कोणी घेत नाही.

मासळीतल्या हिस्टामिनच्या (मासा थंड न ठेवल्याने त्याच्या मांसात तयार होणाऱ्या रसायनाच्या) बाधेसाठी वेगळी व्याख्या ठेवली: मासे खाल्ल्यापासून तीन तासांच्या आत चेहरा-मान लाल होणं, डोकं ठणकणं, अंगाला खाज, छातीत धडधड, यांपैकी किमान दोन. या रुग्णाला जुलाब होतीलच असं नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात आरोग्यसेविकेचा एस, वैद्यकीय अधिकाऱ्याचा पी आणि प्रयोगशाळेचा एल असे तीन फॉर्म असतात. तिथल्या जुलाबाच्या रकान्यात हा माणूस बसत नाही, म्हणून तो मोजलाच जात नाही.

रुग्णयादीत वयाइतक्याच ठळकपणे तीन वेळा येतील: पदार्थ शिजून उतरला ती वेळ (मासळी असेल तर पाण्याबाहेर आली ती वेळ), खाल्ला ती वेळ, पहिलं लक्षण दिसलं ती वेळ. 'काल रात्री' असं लिहिलेला फॉर्म परत पाठवायचा.

१३ एप्रिल

प्रश्नावली. 'काय काय खाल्लं?' असा मोकळा प्रश्न काढून टाकला. लोक आवडलेले आणि संशय असलेले पदार्थ सांगतात, लोणचं आणि पाणी कोणी सांगत नाही. आचाऱ्याकडून आधी पूर्ण यादी घ्यायची आणि प्रत्येक पदार्थाला हो, नाही किंवा आठवत नाही असं उत्तर घ्यायचं. वडे, सागोती, भात, डाळ, सोलकढी, कोशिंबीर, श्रीखंड, जिलबी, पापड, लोणचं, पाणी, सरबत, बर्फ. सोलकढीचे दोन प्रश्न: नारळाचं दूध किती वाजता काढलं, आणि कढी वाढेपर्यंत कुठे ठेवली. नारळाचं दूध उघड्यावर लवकर बिघडतं. कोकमाचा आंबटपणा जंतूंना थोडा आवर घालतो, पण आगळ (कोकमाचा अर्क) नंतर घातलं असेल तर मधला वेळ दुधाचाच धरायचा.

बर्फाची चौकशी वेगळी. अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला, तेव्हा 'बर्फ निळसर होता का' हे विचारायचंच. पण रंग नव्हता म्हणजे बर्फ पिण्याच्या पाण्याचा होता, असं धरून चालू नये.

वेळ काढून घेणं हे या कामातलं खरं कसब. घड्याळ बघून उलटी होत नाही. त्यामुळे वाडीतल्या रोजच्या खुणांना धरून विचारायचं: 'काकी, पहिली उलटी झाली तेव्हा दिवेलागण झाली होती? शेवटची एसटी वर गेली होती? पोरं झोपली होती?' दोन खुणांच्या मध्ये वेळ सापडली, की अर्ध्या तासापर्यंत नेमकेपणा येतो. खाडीकाठच्या माणसांना भरती-ओहोटीची वेळ पक्की ठाऊक असते. ती विचारली तर उत्तर अचूक मिळतं आणि भरतीच्या तक्त्याशी ताडूनही पाहता येतं.

आजारी न पडलेल्यांनाही हीच प्रश्नावली, अगदी याच क्रमाने. घरोघरी फिरताना हा भाग पहिला सुटतो, कारण धडधाकट माणसाकडे जाऊन काय विचारायचं असं वाटतं. त्याच्याशिवाय तुलनाच होत नाही.

२५ एप्रिल

नमुन्यांची पेटी. शौचाचे नमुने पाच ते दहा रुग्णांकडून, शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी. दोन तासांत प्रयोगशाळेत पोचणार नसतील तर कॅरी-ब्लेअर माध्यमात (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या नळीतल्या जेलीत). दापोली, गुहागरकडच्या आतल्या वाड्यांतून दोन तासांत पोचणं जमत नाही, म्हणून सरसकट कॅरी-ब्लेअरच ठेवलं. कापसाचा बोळा माध्यमात पूर्ण बुडला पाहिजे, वरची काडी मोडून झाकण घट्ट. नमुना गोठवायचा नाही.

अन्नाचा नमुना सुमारे २५० ग्रॅम, निर्जंतुक पिशवीत, प्रत्येक पदार्थाला वेगळा चमचा. उरलेलं अन्न टाकून दिलं असेल तर भांड्याच्या कडांचं खरवडून घ्यावं, फ्रीजमधला वाटीभर तुकडा घ्यावा. शिजवलेलं अन्न बर्फपिशव्यांसोबत चार अंश सेल्सिअसच्या आसपास. शिंपल्यांचं मात्र वेगळं: व्हिब्रिओ हे खाऱ्या पाण्यातले जंतू थंडीने खचतात आणि मग माध्यमात वाढत नाहीत. तिसऱ्या, कालवं यांचा नमुना सात ते दहा अंशांत, बर्फाचा थेट स्पर्श होऊ न देता, मध्ये वर्तमानपत्राची जाड घडी घालून न्यायचा. सगळे नमुने एकाच पेटीत एकाच बर्फावर ठेवले, की शिंपल्यांचा अहवाल 'काही आढळले नाही' असा येतो आणि तो खराच मानला जातो.

क्लोरीन घातलेल्या पाण्याच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट असावं, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारतो.

हे सगळे नमुने कारण शोधण्यासाठी. कायदेशीर नमुना अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातल्या पद्धतीनेच घ्यायचा असतो. दोन्हींच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या केल्या.

९ मे

बांगडा. या प्रकल्पात सगळ्यात कमी नोंदली गेलेली बाधा हीच असेल असं आम्ही धरून चाललो आहोत, म्हणून इथे सविस्तर.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यावर मॉर्गनेला मॉर्गानीसारखे जंतू त्याचं हिस्टामिन करतात. उष्णतेत हे झपाट्याने होतं, चार अंशांच्या खाली जवळजवळ थांबतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन मात्र तळून, उकळून, गोठवून, डब्यात भरूनही जात नाही. जंतूंनी करून ठेवलेलं विकरही (हिस्टिडीनचं हिस्टामिन करणारं एन्झाइम) गोठवण्यातून टिकतं आणि मासा वितळला की पुन्हा काम सुरू करू शकतं. म्हणून 'रात्री फ्रीजरमध्ये होता' हे उत्तर पुरेसं नाही, फ्रीजरआधी किती वेळ बाहेर होता ते लिहायचं.

कोडेक्सच्या (अन्नाच्या आंतरराष्ट्रीय) मानकात सुरक्षिततेची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. त्यापुढच्या माशाला वास येईलच असं नाही. डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि हिस्टामिन भरपूर, हेही घडतं. कधीकधी खाणारा जिभेला मिरमिरल्याचं सांगतो. आपल्याकडे तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यात ही मिरमिर वेगळी कळणं अवघड, तेव्हा फॉर्मवर 'तिरफळ होतं का' असा प्रश्न घातला.

जेटीवर तापमान घेण्याची पद्धत: सकाळी सुईचा थर्मामीटर बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या मिश्रणात धरून शून्यावर ताडून घ्यायचा. क्रेटच्या वरचा, मधला आणि तळाचा असे तीन बांगडे निवडायचे. सुई पाठीच्या पराखालून कण्याला समांतर, मांसाच्या सर्वांत जाड भागात. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. पोटात सुई गेली तर बर्फाच्या पाण्याचं तापमान येतं आणि मासा आहे त्यापेक्षा थंड दिसतो. सावलीत उभं राहून मोजावं, कारण उन्हात धातूची सुई स्वतःच तापते.

वरून बर्फ पसरलेला क्रेट दिसायला छान दिसतो, पण वरचा थर थंड आणि मधला थर कोमट हे नेहमीचंच. मोठ्या जाळ्यात एकदम भरपूर बांगडा आला, की बर्फ पुरवून वापरतात. आपल्या हवेत वजनाला वजन, म्हणजे एक किलो मासळीला एक किलो चुरा, थरावर थर असा लागतो. लादीचे मोठे तुकडे टाकले तर मधे हवा राहते आणि मासळी चेपते. तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) विचारायचे तीन प्रश्न: जाळं किती वाजता ओढलं, बर्फ किती वाजता पडला, लिलाव किती वाजता झाला. पुढची साखळी विक्रेतीच्या पाटीपर्यंत लिहायची. पाटीत दुपारी बर्फ नसेल तर सकाळचा सगळा बर्फ फुकट.

नमुना तपासताना दहा बांगडे एकत्र वाटायचे नाहीत. एकाच क्रेटमधल्या दोन माशांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि मिश्रणात वाईट मासा चांगल्यांत बुडून जातो. मासा स्वतंत्र, तुकडाही लिहून. डोक्याजवळच्या भागात शेपटीपेक्षा जास्त सापडतं. जेवणातला उरलेला तुकडा मिळाला तर त्याला सोन्यासारखं जपावं.

आणि एक गोष्ट दवाखान्यांना कळवायची आहे. अशा रुग्णाच्या कागदावर 'मासळीची ॲलर्जी' लिहिलं जातं. त्याला हिस्टामिनरोधक गोळीने काही तासांत बरं वाटतं, म्हणून निदान बरोबर वाटतं. ओळखायची खूण: त्या माणसाने तोच मासा आयुष्यभर खाल्लेला असतो आणि एकाच पंगतीत अनेकांना एकदम त्रास होतो. ॲलर्जी अशी पाचजणांना मिळून येत नाही. चुकीच्या शिक्क्याने किनाऱ्यावरचा माणूस जन्मभर मासळी सोडतो आणि वाईट क्रेट मात्र नोंदला जात नाही.

२० मे

प्रयोगशाळा: तिसऱ्या आणि कालवांतला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. हा जंतू १९५० साली ओसाकातल्या लहान मासळीच्या विषबाधेतून फुजिनो यांनी वेगळा केला. १९९६ पासून जगभर पसरलेला त्याचा ओ३:के६ हा प्रकार पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो कोलकात्यात. तेव्हा हा परक्या देशाचा विषय नाही.

पद्धत: शिंपला ब्रशने घासून, निर्जंतुक सुरीने उघडून मांस आणि आतलं पाणी दोन्ही घ्यायचं. मग ते जंतू वाढवायच्या द्रवात घालायचं: अल्कधर्मी पेप्टोन पाणी, पीएच ८.५ च्या आसपास, मीठ घातलेलं, ३५ ते ३७ अंशांत. रात्रभर ठेवल्यावर नळी न हलवता वरच्या एक सेंटिमीटर थरातून लूप (तारेचं बारीक कडं) भरायचा. व्हिब्रिओ हवेकडे वर येतात. नळी हलवली की बाकीचे जंतूही लूपमध्ये येतात. मग टीसीबीएस माध्यम, म्हणजे व्हिब्रिओ वेगळे ओळखायची ताटली. ते फक्त उकळून विरघळवायचं, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेत) घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ताटलीत पिवळ्या आणि हिरव्या वसाहती दिसतात. साखर आंबवणारे व्हिब्रिओ पिवळे: पटकीचा जंतू, अल्जिनोलिटिकस. न आंबवणारा पॅराहिमोलिटिकस हिरवा, दोन-तीन मिलिमीटर, गोल, मध्यभागी गडद. व्हल्निफिकस हा आणखी एक व्हिब्रिओही बहुधा हिरवाच, म्हणून रंगावर थांबायचं नाही. ऑक्सिडेजची (जंतू ओळखायची) चाचणी टीसीबीएसवरून थेट केली तर फसवते. आधी मीठ घातलेल्या साध्या आगरवर उतरवून घ्यायचं. मग मिठाची शिडी, म्हणजे वाढत्या मिठाच्या नळ्यांत जंतू वाढतो का ते पाहणं: शून्य टक्क्याला वाढ नाही, ३, ६ आणि ८ ला वाढ.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे. खाडीच्या पाण्यातल्या बहुतेक पॅराहिमोलिटिकसमध्ये टीडीएच किंवा टीआरएच ही आजाराशी जोडलेली जनुकं नसतात. नुसतं 'तिसऱ्यांत जंतू सापडला' हे कारणाचा पुरावा नाही, उन्हाळ्यात तो सापडणारच. रुग्णाच्या नमुन्यात आणि शिंपल्यात, दोन्हीकडे ही जनुकं असलेला तोच प्रकार मिळाला तर बोलता येतं.

वेळेचा हिशेब इथेही. २६ अंशांवर ठेवलेल्या कालवांत या जंतूची १० तासांत सुमारे ५० पट आणि २४ तासांत सुमारे ७९० पट वाढ मोजली गेली आहे. कोकणातली मे महिन्यातली रात्रही २६ अंशांच्या आसपासच असते. सकाळच्या ओहोटीला काढलेली कालवं संध्याकाळी ओल्या गोणपाटात 'जिवंत' असतात, ताजी दिसतात, आणि तरीही हा हिशेब चालूच असतो.

१२ जून

यांत्रिक नौकांची पावसाळी बंदी १ जूनपासून सुरू आहे. ताटातली मासळी आता खाडीची: तिसऱ्या, मुळे, कालवं, चिंबोऱ्या आणि सुकं. पावसाने काठावरची घाण खाडीत उतरते, आणि शिंपले पाणी गाळूनच जगतात, त्यामुळे पाण्यातलं सगळं त्यांच्यात साठतं. आता जंतूंबरोबर उलटी-जुलाबाचा विषाणू नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस ए यांचाही विचार. स्वच्छ पाण्यात ठेवून जंतू बरेच कमी होतात, विषाणू तितके जात नाहीत. काविळीसाठी ७२ तासांची व्याख्या निरुपयोगी आहे, तिथे १५ ते ५० दिवस मागे जाऊन विचारावं लागतं.

शिजवण्याबद्दल नेमकं सांगायला हवं. शिंपला उघडला म्हणजे शिजला, हा समज आहे. शिंपला त्याआधीच उघडतो. नोरोव्हायरससाठी मांसाच्या आत ९० अंश तापमान ९० सेकंद हवं, म्हणून सगळे उघडल्यावरही तीन ते पाच मिनिटं उकळी चालू ठेवायची. न उघडलेले टाकून द्यायचे.

तपासात स्वयंपाकघरात बघायची जागा म्हणजे विळी. कच्च्या तिसऱ्या विळीवर कापून एकशिपी करतात (मांस एकाच शिंपल्यात ठेवतात), पाणी पात्यावरून पाटाच्या फटीत उतरतं, आणि त्याच विळीवर लगेच कोशिंबिरीचा कांदा-काकडी चिरली जाते. तिसऱ्यांचं सुकं पुढे नीट शिजतं. कोशिंबीर कच्चीच. म्हणून तिसऱ्या न खाणारी, शाकाहारी आजीही आजारी पडू शकते, आणि प्रश्नावलीत कोशिंबीर नसेल तर ती कोड्यासारखी उरते. बोळा घ्यायचा तो पात्याच्या बुंध्याशी, जिथे लोखंड लाकडात शिरतं.

ओठ-जीभ बधिर होणं, मुंग्या येणं, हातपाय जड होणं असं शिंपले खाल्ल्यावर कोणी सांगितलं, तर प्रश्नावली बाजूला ठेवून आधी दवाखाना. हे सूक्ष्म शैवालांतलं सॅक्सिटॉक्सिन हे विष असू शकतं. श्वास बंद पडू शकतो. उकळून ते जात नाही, रश्शातही उतरतं. मर्यादा किलो मांसाला ८०० मायक्रोग्रॅम. त्याच खाडीतल्या शिंपल्यांची विक्री अहवाल येईपर्यंत थांबवायला लगेच कळवायचं.

२८ जून

आरोग्यसेवकांचं प्रशिक्षण. आकडेमोडीसाठी ऑस्वेगोची जुनी माहिती वापरली: १८ एप्रिल १९४०, न्यूयॉर्क राज्यातलं चर्चचं सामूहिक जेवण. हजर ८०, मुलाखती ७५ जणांच्या, आजारी ४६.

व्हॅनिला आइस्क्रीम खाणारे ५४, त्यांतले ४३ आजारी, म्हणजे ७९.६ टक्के. न खाणारे २१, आजारी ३, म्हणजे १४.३ टक्के. भागाकार ५.६: खाणाऱ्यांना धोका साडेपाच पटींहून जास्त. विश्वासमर्यादा (खरं गुणोत्तर ज्यांच्या मधे असण्याचा भरवसा, ते दोन आकडे) १.९ ते १६. सेवकांचा पहिला प्रश्न रास्त होता: न खाता तिघे कसे आजारी पडले? काहींना खाल्लेलं आठवत नाही, काहींना दुसराच आजार असतो, कधी एकच डाव दोन भांड्यांत फिरतो. तीन अपवादांनी निष्कर्ष मोडत नाही. उलट बघायचं ते हे, की ४६ पैकी ४३ जणांचा उलगडा या एका पदार्थाने होतो. भागाकार मोठा, पण रुग्णांतले निम्मेच तो पदार्थ खाणारे, असं असेल तर शोध चालू ठेवायचा.

चॉकलेट आइस्क्रीमचं गणित उलटं येतं. खाणाऱ्या ४७ पैकी २५ आजारी, न खाणाऱ्या २७ पैकी २०. चॉकलेटने कुणाचं रक्षण केलं नव्हतं. ज्यांनी ते घेतलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी व्हॅनिला घेतलं नाही, इतकंच. आपल्या पंगतीत हीच गफलत शाकाहारी-मांसाहारी पानांत होते. सागोती दोषी असेल तर श्रीखंड निर्दोष आणि वर 'औषधी' दिसतं. म्हणून सागोती खाणारे आणि न खाणारे असे दोन गट पाडून श्रीखंडाचं गणित पुन्हा करायचं.

याच आकड्यांवर विषमता गुणोत्तर (ऑड्स रेशो, म्हणजे खाणाऱ्यांतलं आजारी-निरोगी प्रमाण भागिले न खाणाऱ्यांतलं) काढलं तर (४३ × १८) भागिले (११ × ३), म्हणजे २३.५ येतं. आजार इतका सर्रास असताना हे 'तेवीस पट धोका' म्हणून छापलं तर दिशाभूल होते. पंगतीची पूर्ण यादी हातात असेल तर धोक्यांचं गुणोत्तरच द्यावं. बाजारातल्या मासळीसारखं कोणी-कोणी खाल्लं ते कळतच नसेल, तेव्हा रुग्ण आणि शेजारचे निरोगी असा अभ्यास आणि विषमता गुणोत्तर.

१४ जुलै

साथीचा आलेख, म्हणजे कोणत्या वेळी किती जण आजारी पडले त्याचे स्तंभ. स्तंभाची रुंदी अंदाजे अधिशयन काळाच्या (खाल्ल्यापासून लक्षण दिसेपर्यंतच्या वेळेच्या) पाव ते तृतीयांश. सगळं दिवसावारी मांडलं तर एकच उंच खांब दिसतो आणि काही कळत नाही.

तासांवरून अंदाज: मिनिटांपासून दोन-तीन तासांत लाली-डोकेदुखी असेल तर हिस्टामिन. एक ते सहा तासांत जोरदार उलट्या, ताप नाही: श्रीखंड, पेढ्यासारख्या हाताळलेल्या गोडात स्टॅफिलोकोकस ऑरियस, आणि भातात बॅसिलस सेरियस. दोघांचंही विष आधीच तयार असतं, पुन्हा गरम करून जात नाही. आठ ते सोळा तासांत पोटात कळा आणि जुलाब, उलटी कमी: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, मोठ्या टोपातली सागोती. बारा ते चोवीस तास, पाण्यासारखे जुलाब, कळा: पॅराहिमोलिटिकस. ताप असेल आणि आलेख दोन-तीन दिवस पसरला असेल तर साल्मोनेला.

टोपाबद्दल आचाऱ्यांशी बोलायची गरज आहे. आदल्या रात्री शिजवलेली सागोती झाकण लावून तशीच ठेवली, की मधला भाग सकाळपर्यंत कोमट राहतो. शिजवताना न मेलेले परफ्रिंजन्सचे बीजाणू त्याच कोमट, हवाबंद मध्यात वाढतात. शिजवलेलं अन्न ५७ वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरायला हवं. भरलेल्या टोपात हे होत नाही. परातींत दोन इंचांचा थर पसरून पंख्याखाली, परात थंड पाण्यावर, तेव्हा पहिला टप्पा जमतो. पुढच्या टप्प्याला फ्रीज किंवा बर्फ लागतोच. मंडपात तो नसेल तर सागोती पहाटे शिजवणं हाच सोपा मार्ग.

२ ऑगस्ट

नौका पुन्हा बाहेर पडू लागल्या. फॉर्मची सुधारित प्रत सगळ्या उपकेंद्रांना गेली. विळी, कोशिंबीर, तिरफळ, बर्फाचा रंग आणि तीन वेळा, हे रकाने आता कायम. दोन किंवा जास्त जण एकाच जेवणानंतर आजारी, एवढं कळलं की जिल्हा सर्वेक्षण कक्षाला फोन त्याच दिवशी. अहवालाची वाट बघायची नाही.

पुढच्या पंधरवड्यात जेटीवर बांगड्याचं तापमान दोनदा घ्यायचं: क्रेट उतरताना आणि लिलाव संपल्यावर, त्याच क्रेटमध्ये, म्हणजे लिलावात किती अंश वाढले ते वेगळं काढता येईल. क्रेटला सुतळीने क्रमांकाची पट्टी बांधायची, खडूचा आकडा बर्फाच्या पाण्यात पुसला जातो. नारळी पौर्णिमेच्या आसपास घराघरांत ओल्या नारळाचे गोड पदार्थ आणि गावजेवणं असतात, त्या आठवड्यात कॅरी-ब्लेअरचा जास्तीचा साठा दापोली आणि गुहागरला आधीच पोचवायचा. जुन्या नळ्यांची मुदत तपासून माध्यम सुकलेल्या बाजूला काढायच्या.